एका दिव्याचा ट्रॅक्टर

बेळगावजवळच्या पंत बाळेकुंद्रीला आमच्या गच्चीवरून सांबऱ्याची धावपट्टी दिसत नाही, पण तिच्यावरून उठलेलं विमान नजरेतून सुटत नाही. सकाळी आठपासून शिकाऊ पोरांची छोटी विमानं पिठाच्या गिरणीसारखी घरघरत उसाच्या फडांवरून फेऱ्या मारत असतात. मधेच एखादं मोठं प्रवासी विमान येतं, तेवढ्यापुरती ती बाजूला होतात. हा तळ 1942 सालचा, ब्रह्मदेशच्या आघाडीच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेला. त्यामुळे आज्जीच्या पिढीपासून गावाला डोक्यावरच्या गुरगुरण्याची सवय आहे, कुणी मान वर करत नाही. मे 2023 मध्ये एक शिकाऊ विमान होन्नीहाळजवळ शेतात उतरवावं लागलं, तेव्हा मात्र बघायला जत्रा लोटली होती. मी एरवीही मान वर करतो. हायस्कुलात एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवल्याचा परिणाम असेल, किंवा भाची वैमानिक झाल्याचा.

ती एटीआर हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान उडवते, उजवीकडच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत बसून. गेल्या दिवाळीत चार दिवस आली होती. रात्री जेवताना भाकरी मोडता मोडता सहज म्हणाली, "मामा, मागच्या महिन्यात मला आरए आला."

मला वाटलं पगारवाढीतला काही भाग असावा. म्हटलं, "बरं झालं की. किती?"

ती एवढी हसली की ठसकाच लागला. पाणी पिऊन म्हणाली, "पैसे न्हवं मामा. समोरनं विमान आलंय, धडकशील, वर जा, असं मशीन सांगतंय ते."

तिच्या आईच्या हातातली आमटीची पळी तिथंच थांबली. पोरगी मात्र जेवत राहिली. "काय झालं न्हाई. मी हात घातलो, वर नेलो, संपलं."

(पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये. आमच्याकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी केलो’ असंच बोलतात. बेंगळुरूत दोन वर्षं ट्रेनिंग, मग देशभर उडणं, कॉकपिटमध्ये दिवसभर इंग्रजी, पण बाळेकुंद्रीच्या फाट्यावर बॅग उतरली की पहिलं वाक्य ‘मी आलो’ हेच.)

जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आधीच तिला बसवून घेतलं. मास्तरकी अशी सुटत नाही. तिनं दोन वाट्या घेतल्या, एकीत आमटीचा तळ तसाच होता, आणि कुंद्याचा डबा मधे ठेवला. कोरडी वाटी ती स्वतः, आमटीची वाटी दुसऱ्याचं जेट. डबा कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं. शेवटी आम्ही त्यातलं खाल्लं.

"आम्ही पंधरा हजार फुटांवर सरळ चाललेलो. ते खालनं वर येऊलालतं. त्याला चौदा हजारला थांबायला सांगितलेलं. म्हणजे मधे हजार फूट राहणार. सगळं बरोबर. खरं ते लई जोरात वर येऊलालतं."

आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हेही सांगून ठेवलेलं बरं.

त्या यंत्राचं नाव टीकॅस. विमानाच्या पोटात आणि पाठीवर त्याचे अँटेना असतात. साधारण दर सेकंदाला ते आसपासच्या विमानांना विचारत असतं: कोण तू, कुठल्या उंचीवर? समोरच्या विमानातला ट्रान्सपाँडर उत्तर देतो. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, उत्तरातून उंची कळते, आणि सलग उत्तरांवरून अंतर किती झपाट्यानं कमी होतंय ते कळतं. पडद्यावर दूरचं विमान पोकळ शंकरपाळ्यासारखं दिसतं, म्हणजे पत्त्यातलं चौकट. जवळ आलं की ते भरतं. आणखी जवळ आलं की पिवळट गोल होतो आणि यंत्र म्हणतं, ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’. ही पहिली सूचना. तिच्यावर काही करायचं नसतं, फक्त सावध व्हायचं असतं, हात तयार ठेवायचे असतात. गोलाचा लाल चौकोन झाला की आज्ञा सुटते: ‘क्लाइंब, क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड’. हा आरए.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. धोका किती किलोमीटरवर आहे, हे ते यंत्र मुख्यतः बघत नाही. किती सेकंदांवर आहे, हे बघतं. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीच्या जे. एस. मॉरेल यांनी 1955 साली या हिशेबाचं गणित मांडलं. पुढच्याच वर्षी, 30 जून 1956 ला, ग्रँड कॅन्यनवर दोन विमानं भर दिवसा धडकून 128 माणसं गेली, तेव्हा असं काही यंत्र हवं हे सगळ्यांना पटलं. तरी ते सक्तीचं व्हायला आणखी तीस-पस्तीस वर्षं आणि बरीच माणसं लागली. आमच्या आज्जीला मॉरेल ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण सुळेभावी किती लांब असं विचारलं तर ती ‘पान खाऊन थुकेपर्यंत’ असंच सांगायची. अंतर वेळेत मोजणं तिला आपोआप येत होतं. बैलगाडीनं निघालात की चालत, हे मात्र ती आधी विचारून घ्यायची. टीकॅसही तेच विचारून घेतं.

आता हिशेब करून बघा. दोन जेट विमानं समोरासमोर, प्रत्येकी ताशी नऊशे किलोमीटरनं. मिळून अठराशे, म्हणजे सेकंदाला अर्धा किलोमीटर. आज्ञा मिळते तेव्हा धडकेला पंचवीस सेकंद उरलेले आहेत असं धरू. म्हणजे मधलं अंतर साडेबारा किलोमीटर. सांबऱ्याच्या विमानतळावर एक आणि बेळगाव शहराच्या पलीकडच्या टोकाला दुसरं. एवढ्या लांबचं विमान नुसत्या डोळ्यांनी शोधायचं म्हणजे किल्ल्याच्या तटावरची चिमणी आमच्या गच्चीवरून ओळखायची. त्यात एक खोडी अशी की जे विमान खरोखरच तुमच्यावर येऊन आदळणार असतं, ते काचेत हलत नाही. बाकीची विमानं काचेवरून सरकत जातात, हे एकाच जागी डागासारखं चिकटून राहतं. डोळा पकडतो हालचाल. मग तो डाग बराच वेळ डागच राहतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतो.

हे तिनं सांगितलं तेव्हा मी नकळत उजवा खांदा चोळत होतो.

1991 च्या गळीत हंगामातली गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, आण्णाची राजदूत चालवत होतो, आण्णा मागे. सुळेभावीहून रात्री परत येत होतो. समोर लांब एक दिवा. मोटरसायकल असणार, म्हणून मी रस्त्याच्या जवळजवळ मधून चाललेलो. तो दिवा हलेना, वाढेना, तिथंच. मग एकदम वाढला आणि दिव्याच्या डाव्या अंगाला, माझ्या समोर, अंधाराचा एक मोठा तुकडा चालत येताना दिसला. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता, त्याचा एकच दिवा चालू होता. मागून आण्णा ओरडला, "डावीकडं घे!" त्याच क्षणी ट्रॅक्टरच्या पुढे सायकलवरून येणारा एक माणूस ओरडला, "तडीरी, तडीरी!" कन्नडमधलं ‘थांबा’. डावीकडे वळणं बरोबर होतं. जागेवर थांबणंही कदाचित चाललं असतं. मी अर्धा वळलो आणि अर्धा ब्रेक दाबला. गाडी घसरून आम्ही दोघे चारीत, माझं गळ्याचं हाड मोडलं. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नाही, तो पुढे गेला. चारीत पडल्या पडल्या आण्णा म्हणाला ते आजही घरात अधूनमधून निघतं: "एकाचं ऐकलास असतास तर वाचलो असतो. दोघांचंबी ऐकलास."

भाचीला ही गोष्ट पाठ आहे, तिनं हसून मान हलवली. मग म्हणाली, "मामा, उबरलिंगेनला तेच झालं की." आणि तिनं आमटीची वाटी उचलून बाजूला ठेवली.

1 जुलै 2002 ची रात्र, जर्मनीच्या दक्षिणेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ. छत्तीस हजार फुटांवर दोन विमानं एकमेकांच्या वाटेत येत होती. एक रशियातलं तुपोलेव्ह, त्यात बहुतेक शाळकरी मुलं, सुट्टीला बार्सिलोनाला निघालेली. मॉस्कोत त्यांचं आधीचं विमान चुकलं म्हणून या वेगळ्या विमानात बसलेली. दुसरं मालवाहू बोइंग, त्यात दोनच वैमानिक. खाली झुरिकच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी एकच माणूस दोन पडदे सांभाळत होता, सोबतचा विश्रांतीला गेलेला, रडारचं दुरुस्तीचं काम चाललेलं, फोनची मुख्य लाइन बंद. त्याला धोका उशिरा दिसला. त्यानं तुपोलेव्हला सांगितलं, खाली या. ते खाली यायला लागले, आणि काही सेकंदांत त्यांच्याच कॉकपिटमधलं टीकॅस बोलू लागलं: वर जा. बोइंगमधल्या टीकॅसनं त्यांच्या वैमानिकांना सांगितलं होतं: खाली जा. ते निमूट खाली निघाले. तुपोलेव्हमध्ये पाच जण होते. सहवैमानिकानं सांगितलं की यंत्र वर जायला सांगतंय. पण खालून नियंत्रकाचा आवाज पुन्हा आला, खाली, लवकर. माणसाचा आवाज होता तो, ओळखीच्या पद्धतीनं बोलणारा, जबाबदार. त्यांनी माणसाचं ऐकलं. दोन्ही विमानं एकाच वेळी एकाच हवेत खाली उतरत गेली. 71 माणसं.

मी दरवर्षी पोरांची सहल घेऊन जायचो, कधी गोव्याला, कधी बदामी-ऐहोळ्याला. बस सुटायच्या आधी दोनदा डोकी मोजायचो. एखादं पोर उशिरा आलं म्हणून एकदा आख्खी बस तासभर थांबवली होती. त्यामुळे ‘आधीचं विमान चुकलं’ या तीन शब्दांपाशी मी फार वेळ अडकलो. भाची पुढचं तांत्रिक सांगत होती, मी ऐकत नव्हतो.

तांत्रिक भाग मात्र ऐकण्यासारखा आहे. दोन विमानांतली टीकॅस यंत्रं एकमेकांशी आधी ठरवून घेतात. तू वर तर मी खाली. दोघांनी एकदम ‘मी वर’ म्हटलं तर? त्यासाठीही नियम आहे. प्रत्येक विमानाला एक कायमचा संकेतांक असतो. ज्याचा आकडा लहान त्याचा शब्द राहतो, मोठ्या आकड्याचं विमान आपला निर्णय फिरवतं. माझं आजोळ जांबोटीकडे, भाताच्या शेतांचा मुलूख. तिथं पावसाळ्यात एका पावलाच्या बांधावर दोघं समोरासमोर आले तर रिकाम्या हाताचा चिखलात उतरतो, भारा घेतलेला सरळ जातो. दोघांच्याही डोक्यावर भारा असेल तर वयानं लहान असलेला उतरतो. तिथं कुणी ‘आधी तुम्ही’ म्हणत बसत नाही, भारा मानेवर असतो. पण हा नियम दोघांनी पाळला तरच चालतो. एक उतरला आणि दुसराही त्याच बाजूनं भलेपणानं उतरला, तर दोघे भाऱ्यासकट चिखलात.

उबरलिंगेननंतर आंतरराष्ट्रीय नियमांची भाषा पक्की झाली. नियंत्रकाची सूचना आणि यंत्राची आज्ञा यांत विरोध आला तर आज्ञा यंत्राची. उलट दिशेला तर कधीच जायचं नाही. वैमानिकानं पाच सेकंदांत विमान वर किंवा खाली न्यायला लागायचं, हलक्या हातानं, मिनिटाला दीड हजार फूट या वेगानं. यंत्रानं मधेच शब्द फिरवला किंवा ‘आणखी जोरात’ म्हटलं तर अडीच सेकंद. आणि खाली फक्त दोन शब्द कळवायचे: ‘टीकॅस आरए’.

"आणि नियंत्रक काय म्हणतो?" मी विचारलं.

"रॉजर."

"मग?"

"मग गप्प. त्यानं काय बोलायचं न्हाई. आम्ही ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ म्हणेपर्यंत त्यानं आम्हाला कुठलीच सूचना द्यायची न्हाई."

हे मला सगळ्यात अवघड वाटलं. ज्या माणसाची नोकरी दिवसभर सांगण्याची, पडद्यावर दोन ठिपके एकमेकांवर चाललेले त्याला दिसतायत, आणि त्यानं माइकपासून तोंड लांब ठेवायचं. मी शिक्षक आहे. फळ्यावर पोरगं चुकायला लागलं की तिसऱ्या सेकंदाला माझ्या तोंडून ‘अरे’ निघतं.

भाचीनं मग तिची वीस-बावीस सेकंदं सांगितली. पिवळा गोल. कॅप्टननं ऑटोपायलटवरच्या बोटाची जागा बदलली. त्या वेळी विमान भाचीच्या हातात होतं. लाल चौकोन, ‘क्लाइंब, क्लाइंब’. उभ्या वेगाच्या मापकावर एक भाग लाल झाला आणि एक पट्टा हिरवा. काटा हिरव्यात न्यायचा, एवढंच काम. ऑटोपायलट सोडला, नाक उचललं. "थोडंसंच, मामा. पुस्तक वाचणाऱ्याला कळणार न्हाई एवढंच." कॅप्टननं रेडिओवर दोन शब्द सांगितले. मग यंत्र म्हणालं, क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट, आणि ते हळूहळू पंधरा हजारला परत आले. उतरल्यावर प्रवाशांपैकी एकानं तक्रार केली, ती बॅगा उशिरा आल्याची.

आणि मग तिनं सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. ते जेट चौदा हजारला थांबणारच होतं. त्यानं चूक केली नव्हती, नियंत्रकानं केली नव्हती, हिनं केली नव्हती. ते एवढ्या वेगानं वर येत होतं की टीकॅसच्या हिशेबात ते थांबणार नव्हतं. टीकॅसला नियंत्रकानं काय सांगितलंय ते ऐकू येत नाही. त्याला मनातला बेत कळत नाही, वेग कळतो. म्हणूनच ठरलेली उंची हजार फुटांवर आली की चढण्याचा वेग कमी करा असं वैमानिकांना बजावलेलं असतं. असे आरए बरेच येतात.

"म्हणजे वर गेली नसतीस तरी काही झालं नसतं?"

"न्हाई."

"मग ते मूर्खपणाचं यंत्र झालं की."

ती जरा चिडली. "मामा, त्या पाच सेकंदात तुला कसं कळणार, हा थांबणारा हाय की न थांबणारा? ते नंतर कळतंय. मी विचार करत बसलो असतो, आणि तो खरंच चुकलेला असता तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मला झोंबलं. आयुष्यभर वर्गात मी ‘का ते विचारा’ असं शिकवलं. गावात पंतांची परंपरा, घरोघर गुरुवचन. आज्जी म्हणायची, गुरूनं सांगितलं की पाय उचलायचा, वाट नंतर दिसते. मी पोरवयात तिच्याशी यावरून भांडायचो. न समजता पाळायचं म्हणजे काय? आणि आता आमच्याच घरातली वैमानिक झालेली पोरगी कुंद्याच्या डब्याशेजारी बसून मला सांगत होती, आधी काटा हिरव्यात, का ते जमिनीवर आल्यावर. एक फरक मात्र आहे, तो मी आज्जीला ती असती तर ऐकवला असता. ‘का’ इथं आधीच विचारून झालेला असतो. सिम्युलेटरमध्ये वर्षानुवर्षं, अपघातांचे अहवाल वाचून, दुसऱ्यांनी मरून विचारलेला असतो. उरतं ते पाळणं. आमच्या एसटीच्या कंडक्टरनं मागून ‘होल्डाऽऽन’ म्हटलं की ड्रायव्हर मान न वळवता ब्रेक दाबतो. कोण पडलं, काय अडकलं, हे तो थांबल्यावर विचारतो. कंडक्टर महिन्यातून दोनदा उगाच ओरडला तरी.

दोन आवाज आणि एक माणूस हे चित्र बघितलं की सीमाभागातल्या कुणालाही दुसरंच काहीतरी आठवणार, मला ठाऊक आहे. इथं पाट्यांपासून सातबाऱ्यापर्यंत सगळ्याला दोन आवाज आहेत. पण ती उपमा मी इथं ओढणार नाही. आमचा तो प्रश्न पाच सेकंदांचा नाही.

यंत्राच्या मर्यादाही तिनं सांगितल्या, न विचारता. ते फक्त वर-खाली सांगू शकतं, डावं-उजवं नाही, कारण समोरचं विमान नेमकं कुठल्या दिशेला आहे ते त्याच्या अँटेनाला तेवढं अचूक कळत नाही. जमिनीलगत, हजारेक फुटांच्या खाली, ते आज्ञा देणं बंद करतं. आणि समोरच्याचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर त्याच्या लेखी आकाश मोकळं. सप्टेंबर 2006 मध्ये ब्राझीलवर असंच झालं. नव्याकोऱ्या छोट्या जेटचा ट्रान्सपाँडर उत्तर देत नव्हता, दोन्हीकडची टीकॅस मुकी राहिली, बोइंगमधले 154 जण गेले. बेंगळुरूची दोन उदाहरणं तर एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. जुलै 2018 मध्ये तिथल्या हद्दीत सत्तावीस हजार फुटांच्या वर दोन प्रवासी विमानं उभ्या अंतरात जेमतेम 200 फुटांवर आली, दोन्हींत मिळून सव्वातीनशेवर माणसं. तिथं टीकॅसनं सोडवलं. जानेवारी 2022 मध्ये त्याच शहरात शेजारच्या दोन धावपट्ट्यांवरून दोन विमानं एकाच वेळी उठून एकमेकांकडे जाऊ लागली, तेव्हा रडारवर बसलेल्या माणसानं बघितलं आणि वळायला सांगितलं. तिथं माणसाचाच आवाज कामी आला.

आपल्याकडे या सगळ्याची किंमत मोजली गेली ती 12 नोव्हेंबर 1996 ला, हरियाणातल्या चरखी दादरीच्या आभाळात. दिवाळीची सुट्टी होती, मी दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पेपर उघडला तो अजून आठवतो. दिल्लीहून उठलेलं सौदी अरेबियाचं जंबो, दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन. एकाला चौदा हजार फूट दिलेले, दुसऱ्याला पंधरा. पंधरावालं खाली घसरलं. दिल्लीच्या त्या रडारवर तेव्हा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल तीच उंची. दोन्हींपैकी एकाही विमानात टीकॅस नव्हतं. 349 माणसं, दोन्हीकडची सगळी. त्यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना हे यंत्र सक्तीचं झालं आणि दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या. टपरीवाला मावशीला म्हणत होता, एवढं मोठं आभाळ, त्यात दोघांना एकच जागा कशी सापडली? तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, आभाळ मोठं असतंय, वाटा मोठ्या नसतात.

एक विषय आम्ही दोघांनीही टाळला, आणि शेवटी तिच्या आईनंच काढला. 28 जानेवारी 2023 ला ग्वाल्हेरहून सरावाला उठलेली हवाई दलाची दोन लढाऊ विमानं कोसळली, एक सुखोई आणि एक मिराज. हवेत एकमेकांवर आदळली असं सांगितलं गेलं. सुखोईतले दोघे बाहेर पडून वाचले. मिराजचा वैमानिक बेळगावचा होता. तो परत आला तो सांबऱ्यावरच, तिरंग्यात. त्या दिवशी मात्र गावातल्या पुष्कळांनी मान वर केली होती.

"त्याच्या विमानात ते बोलणारं मशीन नव्हतं काय गं?" आई म्हणाली.

भाचीनं तिला समजावलं की लढाऊ विमानांचा सरावच मुळी एकमेकांच्या जवळ जाण्याचा असतो. प्रवासी विमानातलं यंत्र तिथं बसवलं तर ते दिवसभर ओरडतच राहील, मग ओरडण्याला काही अर्थ उरणार नाही. तिथं भरवसा वैमानिकांच्या डोळ्यांवर आणि एकमेकांवर. आईनं ऐकून घेतलं. वाट्या उचलल्या. दोन्ही वाट्या तिनं एकात एक घातल्या, कोरडीत आमटीची, आणि मोरीत नेल्या.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला भाचीला विमानतळावर सोडायला निघालो. म्हणजे स्कूटर तीच चालवत होती, मी मागे, मांडीवर तिची बॅग. आता आण्णाच्या जागी मी. कारखान्यांचा हंगाम नुकताच सुरू झालेला, रस्त्यावर ठिकठिकाणी सांडलेला ऊस. फाट्याच्या पुढे वळण संपलं तेव्हा समोर धुक्यात एक दिवा दिसला. एकच. हलेना, वाढेना.

माझं तोंड उघडलं. ‘डावीकडं’चा ‘डा’ दातांवर आलेला होता.

तिनं आधीच वेग कमी केला होता. स्कूटर डांबर सोडून मातीवर उतरली, चाकाखाली पाचट चुरचुरलं, आणि ती एक पाय टेकून थांबली. दिव्याच्या शेजारचा अंधार हळूहळू ट्रॅक्टर झाला. दोन ट्रॉल्या डुलत डुलत गेल्या, मागच्या ट्रॉलीतून एक ऊस सुटून आमच्या पुढ्यात पडला.

"मामा, घेतोस काय?" ती म्हणाली.

मी उतरून तो उचलला. विमानतळाच्या गेटवर तिला बॅग दिली, ऊस घेऊन परत आलो.